चौकाला आधी सावली द्या, मग बाकी

शहरातल्या चौकात लॉन, पाम आणि मधे मोठं कारंजं लावलं की गारवा येईल असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. मी अकोल्याचा, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा पामखाली उभं राहून बघा, सावली जेमतेम खांबाएवढी पडते. आमच्याकडच्या एका चौकात काळ्या ग्रॅनाइटचे बाक बसवलेत, इतके सुंदर, पण संध्याकाळी सातला हात लावला तरी चटका बसतो आणि म्हातारी माणसं ते सोडून शेजारच्या कडुनिंबाच्या पारावर दाटीवाटीनं बसतात!

झाडंच लावायची तर कडुनिंब, करंज लावा. दोघांची पानगळ लवकर उरकते आणि ऐन उन्हाळ्यात नवी पालवी दाट असते, गुलमोहर दिसायला छान पण तेव्हाच त्याला पानं कमी. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकू नका हो, मुळांना पाणी आणि हवा कुठून मिळणार? दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, 2013 मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलंय.

कारंज्याचं म्हणाल तर विदर्भातल्या कोरड्या हवेत कूलर चालतो तसा तुषारांचाही उपयोग होतो, मुंबईत मात्र दमटपणा आधीच इतका की फारसा फरक पडत नाही. झाडं मोठी होईपर्यंत तात्पुरता मांडव घाला, बाजारपेठेत दुकानदार हिरवी शेडनेट ताणतात ना, तसाच.