उत्तर: किनाऱ्यावर रिमोटच्या मॉडेल हेलिकॉप्टरने सुरुवात करावी का?

आपण गुहागरच्या पुळणीवर थेट हेलिकॉप्टरने सुरुवात करण्याचे ठरवले आहे, पण माझ्या मते आधी धडाच्या वर पंख असलेले, थर्माकोलसारख्या फोमचे चार चॅनेलचे (रिमोटवरून चार गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येणारे) मॉडेल विमान घ्यावे, कारण रिमोटवरचा हात सुटला तरी ते बऱ्याचदा स्वतःच सावरते. खारा वारा दुपारी जोर धरतो, म्हणून सकाळी लवकर, ओहोटीच्या घट्ट वाळूवर उडवावे.

रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत लोहयुक्त कण असतात. ते ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरच्या चुंबकांना मिशांसारखे चिकटतात आणि फुंकून निघत नाहीत; मी ते चिकटपट्टीने एकेक करून उचलतो. घरी आल्यावर स्क्रू आणि बेअरिंगांवरचा खारा ओलावा पुसून तेलाचा एक थेंब द्यावाच. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी मात्र साठवताना पूर्ण भरून ठेवू नये, तिच्यातला प्रत्येक सेल (घटक) ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा.