कमी पगारात पहिली बचत कशी जमली? इंदूरकरांनो, लिहा

परवा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना मैत्रिणीची मुलगी म्हणाली, "काकू, बारा हजारात उरतंच काय, मी मागे टाकू काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझी पहिली नोकरी कापडाच्या दुकानात हिशेब लिहायची, पगार १८००. आईने पहिल्याच महिन्यात पोस्टात नेऊन १०० रुपयांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, उघडून दिली. माझी अक्कल त्यात शून्य. तुमचं कसं झालं? आकडे लिहा, चुका आधी लिहा. सल्ले नकोत. नावाऐवजी मोहल्ला लिहिलात तरी चालेल.

रामबाग

चूक आधी म्हणता, तर घ्या. २०२२ मध्ये मी सियागंजात माल उतरवून घेण्याच्या कामावर होतो. पोस्टात महिना १००० ची आरडी, वीस हप्ते भरलेले. वडिलांचं ऑपरेशन निघालं. तीन वर्षांच्या आत आरडी मोडता येत नाही एवढंच ऐकलेलं, म्हणून सेठकडून १०,००० उचलले, शेकडा तीन टक्के महिना. म्हणजे दर महिन्याला ३०० रुपये नुसतं व्याज. वर्षभरानंतर पोस्टातल्या बाईंनी सहज सांगितलं, की बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, व्याज आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, तेही वर्षाला. मी उचल घेतली तेव्हा आरडीचा दर ५.८ टक्के होता. घरी येऊन कागदावर मांडलं : महिन्याला ६५ रुपये पडले असते. माझेच वीस हजार तिथे पडून, आणि मी सेठपुढे हात जोडून उभा! त्या रात्री जेवण गेलं नाही.

हप्ता चुकला तर शंभरामागे रुपया दंड, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. दंड पाठ, सोय माहीत नाही.

मल्हारगंज

मी चार घरी पोळ्या करते. आमची बीसी (भिशी) होती, बारा जणी, महिन्याला ५०० रुपये. सातव्या महिन्यात चालवणारी बाई कुलूप लावून गेली. माझा नंबर नववा. ३,५०० बुडाले. नवरा महिनाभर "और खेलो बीसी" म्हणत होता.

सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे २०२३ च्या जूनपासून यायला लागले, आधी महिन्याला १०००, मग १२५०, पुढे १५००. ते माझ्या खात्यात येतात म्हणून घरात कोणी हिशेब विचारत नाही. त्यातले ५०० मुलीच्या सुकन्या खात्यात टाकते. वर्षाला २५० भरले तरी खातं चालू राहतं, म्हणून सणावाराला हात आखडला तरी धास्ती नसते. ती अठराची झाली की शिक्षणाला निम्मे काढता येतात.

आणि खरं सांगू? नवी बीसी पण लावली आहे. आठच जणी, सगळ्या एकाच गल्लीतल्या. पोस्ट काही दाराशी येऊन "ताई, पैसे काढा" म्हणत नाही!

सुदामानगर

२०१९ मध्ये महिना ५०० ची एसआयपी, इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वर-खाली होणाऱ्या फंडात. मार्च २०२० मध्ये ७,००० चे पाच हजारांच्या आसपास दिसले आणि मी बंद केली. तेव्हा निफ्टी हा निर्देशांक ७,६०० ला टेकला होता, नोव्हेंबरात १३,००० पार. सोबतच्या मित्राने चालू ठेवली, कारण तो ॲपचा पासवर्ड विसरला होता. हुशारी वगैरे काही नाही.

लोकमान्यनगर

सगळे बचतीचंच लिहीत आहेत. माझी सुरुवात विम्याने झाली. बँकेत वर्षाला २० रुपयांत अपघाताचा आणि ४३६ रुपयांत आयुष्याचा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. पैसे मे महिन्यात आपोआप कापतात, तेवढी शिल्लक खात्यात हवी. एका वर्षी नव्हती. ते वर्ष धाकधुकीत काढलं.

धागाकर्ती, रामबागवाल्या भाऊंना

सेठचं फिटलं का?

रामबाग

फिटलं, चौदा महिन्यांत. मुद्दल सोडून ४,२०० गेले. आरडी मोडली नाही, ती पिकू दिली.

धागाकर्ती

मैत्रिणीच्या मुलीला सगळं वाचून दाखवलं. सोमवारी जीपीओला, मोठ्या पोस्टात, जाऊ म्हणाली आहे, आरडी आधी १०० चीच. शिवाय विचारत होती, मल्हारगंजच्या ताईंच्या बीसीत नववी जागा आहे का.