चाली टाकायलाच हव्यात का?

कडक ख्रिस्ती घरातल्या धाकातून मोकळं करणारं गाणं चर्चच्या चाली पूर्ण टाकल्याशिवाय होत नाही, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. मिरजेच्या आमच्या घरी सिनेमाची गाणी म्हणजे पाप. बातम्या संपल्या की रेडिओ बंद, आणि नकळत काही गुणगुणलं तरी पप्पांची नजर. हे सगळं गिटारवर मांडायला गेलो तर नुसता संताप निघायचा. बसलं ते अभंगात. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, आणि तो शेवटचा तुकडा इतका आखूड की उपदेश करायला जागाच उरत नाही! (आमच्याकडच्या लांबलचक उपदेशांनंतर हे फार बरं वाटतं.)

शिवाय हा घाट काही चर्चबाहेरचा नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी अनेक ख्रिस्ती भजनं अभंगात रचली. तेच टिळक १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा मांडून बसले, तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. म्हणजे चौकट मोडणाराही आपल्याच गायनाच्या पुस्तकात आहे. माझं गाणं ऐकून आईने एवढंच विचारलं, "यात देवाचं नाव कुठंय?" आहे की, दुसऱ्या कडव्यात, तक्रारीत.