मदत हवी आहे: दोन मुलं, स्की स्कूल आणि आमचा बर्फाचा शून्य अनुभव

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात आठवडाभर आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं घाटतंय. आम्ही चौघं. मुलगी ९ वर्षांची, मुलाला तोवर ५ पूर्ण झालेली असतील. चौघांपैकी एकानेही आजवर पायात स्की घातलेली नाही. मुलांना स्की स्कूलमध्ये घालायचं आणि जमलं तर आपणही शिकायचं, एवढंच काय ते नक्की आहे. फ्रान्स की ऑस्ट्रिया इथपासून पुढचं सगळं अधांतरी.

गेले तीन आठवडे मुलं झोपली की मी लॅपटॉप उघडते, बघता बघता चौदा टॅब होतात आणि बाराच्या सुमारास काहीही न ठरवता मी तो मिटते. नवऱ्याचा निकष एकच: उतारांचे किलोमीटर जिकडे जास्त ते ठिकाण चांगलं. "अगं, ३०० किलोमीटर आहेत!" मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही धड सांगता येत नाही.

खरी काळजी धाकट्याची आहे. बालवाडीत रुळायला त्याला पंधरा दिवस लागले होते, रोज दाराशी माझं बोट सोडायचा नाही. इथे तर सगळा कारभारच सहा दिवसांचा, त्यात शिकवणारे परभाषिक. मोठीचं इंग्रजीवर निभेल, त्याला जेमतेम चार शब्द येतात. त्याला अर्धा दिवस घालावं की पूर्ण? भावंडांना एकाच गटात ठेवतात का? की सरळ दोघांना मिळून खाजगी शिकवणी लावावी?

आणि आम्ही दोघांनी त्या वेळात शिकायचं, की एकाने काठावर उभं राहायचं? कपडे, बूट, हेल्मेट यातलं काय विकत घ्यायचं? कोणता आठवडा बरा?

आधी असा धागा येऊन गेला असेल तर दाखवा, मला सापडला नाही.

आडवाट:

नवऱ्याला सांगा, पहिल्या आठवड्यात तुम्ही चौघं मिळून दोन उतार वापराल. तेच दोन, पुन्हा पुन्हा. उरलेले २९८ किलोमीटर ज्यांना येतं त्यांच्यासाठी आहेत.

नकाशात उतारांचे रंग बघा, त्यावरून अवघडपणा कळतो. फ्रान्समध्ये सगळ्यात सोपा हिरवा, मग निळा, लाल, काळा. ऑस्ट्रियात हिरवा नाहीच, सुरुवातच निळ्यापासून. त्यामुळे तिथला नकाशा पाहून "इथे नवशिक्यांसाठी काहीच नाही" असं समजू नका, मी एकदा समजलो होतो. दुसरं म्हणजे नवशिक्यांचा उतार गावात आहे की डोंगरावर, तेही बघा. वर असला तर बर्फ जास्त भरवशाचा, पण मग रोज सकाळी पोरांना घेऊन गोंडोलाच्या (तारेवरून वर नेणारा बंद पाळणा) रांगेत उभं राहणं आलं.

दोनपिलांचीआई:

पाऊलवाट, तुमच्या जागी मी होते, म्हणून जरा लांबण लावतेय.

पहिल्या वेळी आम्ही पैसे वाचवायला गावाबाहेरची खोली घेतली. 'लिफ्टपासून बसने दहा मिनिटं' असं लिहिलं होतं. (लिफ्ट म्हणजे उतारावर वर नेणारी यंत्रणा.) खोटं नव्हतं, बस आली की दहाच मिनिटं लागायची. आता सकाळचं चित्र बघा. दहाला वर्ग. मुलाच्या अंगावर थर्मल, त्यावर लोकरी, त्यावर जाकीट, खांद्यावर पट्ट्या असलेली जाड पँट, हेल्मेट, गॉगल. त्याच्या स्की माझ्या एका खांद्यावर, माझ्या दुसऱ्यावर. स्कीच्या बुटात घोटा वळत नाही, त्यामुळे आम्ही तिघंही यंत्रमानवासारखे ठक ठक करत चाललोय. बस समोर उभी. आणि मुलगा म्हणतो, "आई, सू आली."

सगळं उतरवून पुन्हा चढवेपर्यंत ती बस गेली, तिच्या मागचीही गेली. पोचलो तर त्याचा गट पट्ट्यावरून वर निघून गेलेला. (मॅजिक कार्पेट म्हणतात तो, विमानतळावर असतो तसा सरकता पट्टा, बर्फात बसवलेला.) त्या दिवशी पोरगं रडलं ते बर्फाला घाबरून नाही, आमच्या आरडाओरड्याने.

पुढच्या वर्षी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी स्की स्कूलची जमायची जागा नकाशावर शोधली आणि तिथून पायी पाच मिनिटांच्या आतली खोली घेतली. ठिकाण फारसं नावाजलेलं नव्हतं, उतार मोजके. मुलगा तोच, आईबाप तेच, पण रडारड पहिल्या दिवशी दहा मिनिटं, संपलं. शाळेजवळ स्की ठेवायची खोली मिळत असेल तर जरूर घ्या. बूट वाळवायचे गरम रॅक असतात तिथे, सकाळी कोरडे ठणठणीत बूट पायात, आणि चालताना हात मोकळे. म्हणजे माझ्या मते आधी शाळा, मग खोली, मग गाव. देश सगळ्यात शेवटी.

धाकट्याला अर्धाच दिवस, तोही सकाळचा. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी रविवार ते शुक्रवार असा सहा दिवसांचा नुसता सकाळचा वर्ग मिळतो. ऑस्ट्रियात सकाळी दोन तास, दुपारी दोन तास आणि हवं तर मधे जेवणासकट सांभाळ, अशी पद्धत जास्त दिसते. मोठीला तो पूर्ण दिवस झेपेल, आवडेलही.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. एवढ्याशा मुलांना शिकवतात काय, तर स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची बाजू फाकवली की 'पिझ्झा', म्हणजे वेग कमी. दोन्ही समांतर ठेवल्या की 'फ्राइज', म्हणजे सुसाट. शिक्षक पुढ्यात उलटा घसरत करून दाखवतो, मुलं नक्कल करतात. बुकिंग करताना गट कोणत्या भाषेचा ते मात्र विचारा, आणि लेकाला टॉयलेट, कोल्ड, टायर्ड, हर्ट एवढे चार शब्द पाठ करून द्या. नाव आणि तुमचा फोन लिहिलेली चिठ्ठी जाकिटाच्या चेनवाल्या खिशात.

आणि सोडलं की निघायचं. कुंपणाआड लपून बघत बसू नका. गॉगल-हेल्मेटातली आई सुद्धा मुलं जाकिटाच्या रंगावरून ओळखतात, मग परत भोकाड.

झोपाळू_अस्वल:

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत, पण एक भर. सगळं नीट करूनही तिसऱ्या दिवशी मूल "नाही जायचं" म्हणू शकतं. आमची साडेचार वर्षांची म्हणाली. पहिल्या दोन दिवसांचा उत्साह संपतो, पाय दुखतात, तिसरा दिवस जडच. मी पैसे भरलेत म्हणून तिला ओढत नेणार होतो, बायकोने घसरगाडी भाड्याने आणली आणि सकाळ त्यात घालवली. चौथ्या दिवशी बाईसाहेब आपणहून बूट शोधत होत्या. तेव्हा एक सकाळ फुकट जाणार असं आधीच धरून चाला.

९ आणि ५ एका गटात ठेवत नाहीत, वय आणि पातळी दोन्ही बघतात. दोघांना मिळून खाजगी शिकवणी नको. मोठी दोन दिवसांत पुढे जाईल आणि धाकट्यासाठी थांबून वैतागेल. तिला तिच्या वयाची टोळी मिळू दे, अर्धी मजा त्यातच असते.

पाऊलवाट:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार! सू-प्रसंग मोठ्याने वाचून दाखवला. नवरा खूप हसला, मग गप्प झाला आणि म्हणाला, "खोली जवळच घेऊ." किलोमीटरचा विषय निदान आजपुरता मिटला.

आता सामानाचं कुणी सांगेल का? दुकानदार जे हातात देईल ते घ्यायचं, की आपल्यालाही काही बघावं लागतं?

उतारकरी:

बघावं लागतं, विशेषतः बूट. बुटाचा नंबर पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतो. घरून निघण्याआधी चौघांची पावलं कागदावर ठेवून मापं घ्या. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा. मुलांना "वाढत्या अंगाचा" बूट घेऊ नका, ढिल्या बुटात स्की वळतच नाही. आत एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा. थंडी आहे म्हणून दोन घालू नका, आणि थर्मलचा पाय बुटात कोंबू नका. त्याची एक घडी नडगीवर आली की तासाभरात मूल रडायला लागतं आणि कारण कुणालाच कळत नाही. शाळेत "स्कीइंग आवडत नाही" म्हणून परत आलेली निम्मी पोरं बुटाने छळलेली असतात, हे माझं ठाम मत.

दुकानात वजन, उंची, वय आणि पातळी विचारतात. ते चौकशी म्हणून नाही. पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटावा याचा स्प्रिंग त्यावरून लावतात. वजन कमी सांगितलंत तर स्की उगाच सुटत राहील. "येतं मला थोडंफार" असं फुशारकीने सांगितलंत तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा जाईल. खरं सांगा.

मुलांच्या स्की छाती ते हनुवटीच्या मधल्या उंचीच्या. काठ्या धाकट्याला देणार नाहीत, मागूही नका. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने. जाकीट-पँट कुणाची उसनी मिळाली तर उत्तम, वर्षभरात मुलांना आखूड होणारच आहेत. विकत घ्यायचे ते मोजे, थर्मल, गॉगल आणि हातमोजे. धाकट्याला बोटं वेगळी नसलेले घ्या, जास्त ऊब राहते आणि घालायला सोपे, आणि दोन जोड असू द्या, एक ओला होणारच. गळ्याला मफलर नको, लिफ्टमध्ये अडकू शकतो. नळीसारखा गळपट्टा मिळतो तो चांगला.

लिफ्टचा पास पूर्ण डोंगराचा पहिल्या दिवशी काढू नका. नवशिक्यांच्या पट्ट्यांचा वेगळा पास असतो, कुठे कुठे तो फुकटही असतो, आणि अगदी लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी पासच लागत नाही. चेअरलिफ्टवर (तारेला टांगलेली चालती बाकं) धाकट्याला एकटं बसवायचं नाही. फ्रान्समध्ये तर १.२५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासोबत मोठं माणूस लागतंच.

विमा काढताना हिवाळी खेळ त्यात धरलेत का ते शब्दशः वाचा. उद्या इटलीचा विचार आलाच तर तिथे २०२२ पासून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे. हेल्मेट तेव्हा १८ वर्षांखालच्यांना सक्तीचं होतं, आता सगळ्यांनाच आहे. मोठीला एक नियम तोंडपाठ करून द्या: आपल्या पुढे, खाली जो आहे त्याचा मान पहिला. मागून येणाऱ्याने चुकवायचं.

हिवाळी_पाखरू:

आठवड्याबद्दल. फ्रान्समध्ये फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्ट्या तीन विभागांना आळीपाळीने असतात, त्यामुळे गर्दी एक आठवडा नाही, महिनाभर टिकते. तेव्हा चांगल्या शाळांचे सकाळचे वर्ग फार आधी भरतात. नववर्षानंतरचा जानेवारी शांत, पण थंडी कडक, आणि लहान मुलाला ती जाणवते. माझं मत मार्चला. दिवस मोठा, ऊन छान, मुलं आनंदात असतात. फक्त गाव उंचावरचं निवडा, आणि दुपारी बर्फ पिठल्यासारखा होतो हे धरून चाला. सकाळचाच वर्ग घ्या म्हणतात ते त्यासाठीही.

उन्हाला मात्र हलक्यात घेऊ नका. दर १००० मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. क्रीम हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. आमच्या चिरंजीवांचं नाक खालच्या बाजूने सोललं होतं.

आईबाप दोघांनीही शिका. फक्त तुमचा वर्ग मुलांच्या वर्गाआधी पंधरा मिनिटं संपेल असा घ्या, कारण नवशिका माणूस उतारावर कुठे अडकून बसेल याचा नेम नसतो.

पाऊलवाट:

तर ठरलं. मार्चचा दुसरा आठवडा, उंचावरचं छोटं गाव, मोठी पूर्ण दिवस, धाकटा फक्त सकाळी. दोन शाळांना आत्ताच विचारणा केली: जमायची जागा नेमकी कुठे आणि ५ वर्षांच्या गटाची भाषा कोणती. एका शाळेचं उत्तर नकाशासकट आलंय. खोली त्या खुणेपासून पायी चार मिनिटांवर आहे, नवऱ्याने स्वतः मोजली. उतार एकूण ४० किलोमीटर. त्यावर तो काही बोलला नाही.

पावलांची मापं काल रात्री घेतली. धाकट्याने स्वतःचं पाऊल रंगवून भिंतीवर चिकटवलंय.

आणखी काही राहिलं असेल तर सांगा.

दोनपिलांचीआई:

सू बूट घालण्याआधी. आणि मग दारात पुन्हा एकदा विचारा, तो "नाही" म्हणेल, तरी न्या.

झोपाळू_अस्वल:

दुकानात वजन सांगताना नवऱ्याशेजारी उभ्या राहा.