इंग्रजी कादंबरी वाचून शब्दसंग्रह आणि व्याकरण पक्के करता येते का?

प्रश्न : वाचक, कोपरी (ठाणे पूर्व)

नमस्कार. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून मी सध्या नेरूळ येथील एका कार्यालयात हिशेब विभागात काम करते. कामापुरते इंग्रजी मला वाचता येते. मात्र चार ओळींचा ईमेल लिहिताना काळ चुकतो, ‘अ’ आणि ‘द’ कोठे घालावे हे कळत नाही आणि नेमका शब्द वेळेवर आठवत नाही. लोकलच्या प्रवासात रोज जाऊन-येऊन तासाभराहून अधिक वेळ जातो, तो सत्कारणी लागावा म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी एक गाजलेली इंग्रजी कादंबरी वाचायला घेतली. पानावर साधारण तीनशे शब्द असतात आणि त्यांतले पंचवीस-तीस मला अडतात. प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहून त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिते. आजपर्यंत बेचाळीस पाने झाली आहेत, पण पान संपेपर्यंत गोष्ट हातातून निसटते आणि कालचे शब्द आज पुन्हा अनोळखी वाटतात.

माझ्या पद्धतीत काय चुकते आहे? मराठी अनुवाद शेजारी ठेवून वाचले तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, कादंबरीतून व्याकरण खरोखर शिकता येते, की त्यासाठी वेगळे पुस्तकच घ्यावे?

प्रतिसाद १ : निवृत्त इंग्रजी शिक्षक, नौपाडा

ताई, आपली चिकाटी कमी पडलेली नाही. पुस्तक आजच्या तयारीच्या मानाने अवघड निवडले गेले आहे. तीनशेपैकी पंचवीस-तीस शब्द अडतात, म्हणजे दर दहा-बारा शब्दांमागे एक शब्द अनोळखी आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी एका सहसंशोधकासह २००० साली असा निष्कर्ष मांडला की, कथात्म मजकूर कोणाच्याही मदतीशिवाय नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला आधीच माहीत असावे लागतात. आपल्या पानाचा हिशेब केला, तर अनोळखी शब्द सहाच्या आसपास असायला हवेत. नेशन यांच्याच २००६ च्या मांडणीप्रमाणे मूळ कादंबऱ्या इतक्या सहजतेने वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनणारी रूपे मिळून एक कुटुंब) लागतात, आणि तेवढी पूंजी एकदम कोणाकडेच नसते.

ही अडचण नवी नाही. १९२० च्या दशकात ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांना बंगाली विद्यार्थ्यांमध्ये ती दिसली आणि मर्यादित शब्दांत लिहिलेल्या वाचनपुस्तकांची पद्धत त्यांनी रुजवली. आज ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’सारख्या मालिका त्याच वाटेने जातात; तिच्या पहिल्या पायरीवर ४००, तिसरीवर १०००, चौथीवर १४०० आणि सहावीवर २५०० मूळ शब्द असतात. आपण तिसरीपासून सुरुवात करावी. हे बालवाचन आहे असे मनात आणू नये, कारण तेथे गोष्ट पुढे सरकते आणि तेच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटतात. शब्द टिकतो तो या भेटींमुळे.

शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहिणे मात्र आजच थांबवावे. दुसऱ्या वाचनात डोळा थेट मराठीवर जातो आणि इंग्रजी शब्द न वाचताच पुढे सरकतो. एका प्रकरणात जो शब्द तीनदा आला, किंवा ज्याच्यावाचून प्रसंगच कळत नाही, तेवढाच शब्दकोशात पाहावा. वहीत लिहिताना तो एकटा लिहू नये, त्याचे सोबतीही लिहावेत. आपण चूक ‘करतो’, म्हणून ‘डू’ वापरण्याचा मोह होतो, पण इंग्रजीत ‘मेक अ मिस्टेक’ असेच म्हणतात; आपला पाऊस जोराचा, त्यांचा ‘हेवी’.

प्रतिसाद २ : वाचक, चेंदणी कोळीवाडा

अनुवादाविषयी स्वतःचा अनुभव सांगतो. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची १९५२ साली प्रसिद्ध झालेली ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही मी शेवटपर्यंत वाचलेली पहिली इंग्रजी कादंबरी. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेल्या क्यूबातील म्हाताऱ्या कोळ्याची ती गोष्ट आहे आणि पु. ल. देशपांडे यांनी तिचा ‘एका कोळियाने’ हा मराठी अनुवाद केला आहे. मूळ पुस्तकात प्रकरणे नाहीत, म्हणून मी आठ-दहा पानांचे टप्पे पाडले. प्रत्येक टप्पा आधी मराठीत वाचून पुस्तक मिटायचे आणि मग तोच भाग इंग्रजीत वाचायचा. ओळीला ओळ लावून वाचण्याचा प्रयत्न पहिल्या दिवशीच सोडला, कारण चांगला अनुवादक शब्दामागे शब्द ठेवत नाही आणि आपण उगाच जोड्या जुळवत बसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझे आजोबा खाडीत मासेमारी करत, त्यामुळे डोलकाठी, वल्हे, गळ, आमिष, मुशी या सगळ्यांशी घरात ओळख होती. त्यांची इंग्रजी नावे समोर आली तेव्हा शब्दकोश उघडावा लागला नाही. प्रसंगावरूनच वस्तू ओळखता आली. म्हणून ज्या विषयातले आपल्याला आधीच कळते, त्या विषयाची कादंबरी निवडावी. अनुवादासाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. १८९३ पासूनची ही संस्था आपल्या घराजवळच आहे.

प्रतिसाद ३ : वाचक, ऐरोली

वरील दोन्ही सल्ले योग्य असले, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. कादंबरीची भाषा बव्हंशी निवेदनाची आणि भूतकाळाची असते, तर थकलेल्या बिलाची आठवण करून देणाऱ्या ईमेलची भाषा निराळी असते. केवळ वाचून लिहिता येत नाही. प्रत्येक प्रकरणानंतर पाच वाक्यांत सारांश लिहावा आणि दुसऱ्या दिवशी तो पुस्तकाशी ताडून पाहावा. मी वर्षभर फक्त वाचत राहिलो. समज वाढली, पण लेखन जिथल्या तिथे राहिले.

प्रतिसाद ४ : निवृत्त इंग्रजी शिक्षक, नौपाडा

ऐरोलीच्या वाचकांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. व्याकरणाचा मुद्दा राहिला होता, तो आता मांडतो. कादंबरीतून नियमांची यादी मिळत नाही. एखादे रूप कोणत्या गरजेपोटी येते, हे मात्र तिच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. त्यासाठी एका वाचनात एकच रूप शोधावे आणि आपल्याजवळचे मराठी व्याकरण सोबतीला घ्यावे.

‘वुड’चे उदाहरण घ्या. ‘आजोबा रोज सकाळी तलावपाळीला जात, बाकावर बसत आणि ऊन चढले की परतत’ हा आपला रीती भूतकाळ आहे. कादंबरीत जुन्या दिवसांचे वर्णन करताना ‘वुड गो’, ‘वुड सिट’ असे येते, ते नेमके हेच काम करते. हे एकदा कळले की ‘वुड’ म्हणजे फक्त विनंती किंवा जर-तर, हा समज गळून पडतो.

‘हॅड’च्या बाबतीत मात्र मराठी आपल्याला चकवते. ‘मी काल दादरला गेलो होतो’ हे आपले अगदी सरळ वाक्य आहे, म्हणून आपण ‘हॅड गॉन’ लिहून मोकळे होतो. इंग्रजीला तेथे साधे ‘वेंट’ हवे असते. भूतकाळातील एका घटनेच्याही मागे जायचे असेल तेव्हा ‘हॅड’ येते. कादंबरीतले पूर्वस्मृतीचे प्रसंग पाहा. पहिल्या दोन-तीन वाक्यांत लेखक ‘हॅड’ वापरून वाचकाला मागे नेतो आणि एकदा तेथे पोहोचल्यावर बहुधा साध्या भूतकाळातच सांगत राहतो. आपल्या ईमेलमध्ये काळ चुकतो, त्याचे मूळ बहुतेक येथेच असावे.

‘अ’ आणि ‘द’ आपल्याला परके वाटतात, पण ‘एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या’ असे आपणही म्हणतोच. प्रथम भेटीला ‘अ’ आणि ओळख झाल्यावर ‘द’, ही चाल प्रत्येक नव्या पात्राबरोबर दिसेल. सगळी उदाहरणे या एका चालीत बसणार नाहीत, तरी सुरुवातीला एवढे पुरे.

प्रश्नकर्ती : कोपरी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तिसऱ्या पायरीचे पुस्तक घेतले आणि पाच दिवसांत तीस पाने झाली. गोष्ट लक्षात राहते आहे. ‘हॅड’ शोधत वाचताना एका ठिकाणी ‘शी हॅड हॅड अ डॉग’ असे वाक्य आले. ही छपाईची चूक असावी का?

निवृत्त इंग्रजी शिक्षक, नौपाडा

ती चूक नाही. पहिले ‘हॅड’ मागच्या काळात नेणारे साहाय्यक क्रियापद आहे आणि दुसरे ‘जवळ असणे’ या अर्थाचे मुख्य क्रियापद. मराठीत ‘तिच्याकडे पूर्वी एक कुत्रा होता’ एवढ्यावर भागते, कारण ‘होता होता’ असे रूप आपण करत नाही आणि मागचा काळ ‘पूर्वी’सारख्या शब्दातून किंवा संदर्भातून कळतो. त्या वाक्यानंतरच्या चार-पाच वाक्यांत ‘हॅड’ कोठे नाहीसे होते ते पाहा आणि येथे कळवा.