डिजिटल टाइमस्टँप कोण देते आणि नमुन्याची फाइल त्यांच्याकडे द्यावी लागते का?

प्रश्न (टेरीवाला, सोलापूर):
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. एका व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवलेला आमचा जकार्ड नमुना दोन महिन्यांत दुसऱ्याच्या मागावरून उतरून बाजारात आला. तो आधी आमच्याकडे होता हे दाखवायला फाइलच्या तारखेखेरीज काहीच नव्हते, आणि संगणकाचे घड्याळ मागे घेतले की ती तारीख कोणालाही बदलता येते. टाइमस्टँपची, म्हणजे फाइलसाठी वेळेचा खात्रीचा शिक्का देणारी सेवा कोण चालवते? नमुना त्यांच्या हाती द्यावा लागतो का? आमच्या डिजिटल सहीच्या टोकनात (संगणकाला जोडायच्या यूएसबी उपकरणात) ही सोय नसते का?

उत्तर १ (साठेगल्ली):
नमुना कोणालाही द्यावा लागत नाही. तुमच्याच संगणकावर फाइलचा हॅश, म्हणजे एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षरांचा ठसा निघतो आणि तेवढाच टाइमस्टँप देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर त्याला आपल्या घड्याळाची वेळ व अनुक्रमांक जोडतो, त्यावर स्वतःची सही करतो आणि ती छोटी फाइल परत पाठवतो. ही देवाणघेवाण २००१ च्या आरएफसी ३१६१ या मानकात ठरलेली आहे. किनारीतला एक धागा लालाऐवजी मरून करून फाइल जतन केलीत तरी ठसा पार बदलतो, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक परवाने देतात, आणि डिजिटल सह्या देणाऱ्या परवानाधारक संस्थाच ही सेवाही चालवतात. भारतीय प्रमाण वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तुमचे टोकन मात्र केवळ सही करते. टाइमस्टँप सर्व्हर जोडलेला नसेल, तर पीडीएफमध्ये सहीची वेळ सही करणाऱ्याच्या संगणकावरून घेतल्याचे स्पष्ट लिहून येते, ते एकदा उघडून पाहाच.

उत्तर २ (कोर्टाच्या कामातला):
टाइमस्टँपमधील वेळ यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाण वेळ असते, त्यामुळे सकाळी ११ ला घेतलेल्या टाइमस्टँपवर ०५:३० दिसले तर गडबडू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्याव्या लागणाऱ्या प्रमाणपत्रातही फाइलचा हॅश लिहावा लागतो, तेव्हा तो आधीपासून जपलेला बरा.

उत्तर ३ (जुना कारखानदार):
एक गोष्ट राहिली. त्या वेळी ती फाइल अस्तित्वात होती एवढेच टाइमस्टँप सांगतो. नमुना कोणी काढला हे सांगत नाही. हक्क हवा असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करा, तीही नमुना बाजारात दाखवण्याआधी, कारण प्रसिद्ध झालेल्या नमुन्याला नावीन्य उरत नाही. संरक्षण आधी १० वर्षे मिळते आणि पुढे ५ वर्षांनी वाढवता येते.

टेरीवाला:
आभारी आहे. गेलेल्या नमुन्याचे काही होणार नाही असे दिसते. संक्रांतीच्या मालाचे चार नमुने अजून कोणाला पाठवलेले नाहीत. त्यांचे टाइमस्टँप घेऊन नोंदणीचा अर्ज आधी करतो, मगच व्यापाऱ्यांना दाखवतो.