किनाऱ्यावरचे संशोधन नेमके कोणत्या विभागाचे?

रंकाळाकाठ :
'प्रयोगवही' यांनी या गटात परवा लिहिले की, आपल्याकडे भाषाशास्त्र, भौतिक विज्ञाने आणि किनारी पर्यटन हे विषय एकाच चर्चासत्रात आणि एकाच अंकात दाटीवाटीने बसवले जातात. त्यांच्या मते त्यांतला पहिला आणि तिसरा हे हौसेचे विषय आहेत. आणि कोल्हापुरात बसून मालवणी बोलीवर किंवा तारकर्लीच्या निवास-न्याहारीवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी तो पैसा प्रयोगशाळांसाठी सोडून द्यावा. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

किनाऱ्यावरच्या घराला हे तीन विषय वेगळे ठेवण्याची सोयच नसते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटर आणि दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर पट्टा बांधकामासाठी वर्ज्य धरला आहे. दाट वस्ती म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक माणसे. भरतीरेषा नेमकी कुठून जाते हे मोजणीने ठरते, त्या पट्ट्यातल्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढाव्यात की नाही हा पर्यटनाचा प्रश्न आहे, आणि अधिसूचनेची भाषा त्या घरातल्या माणसाला उमगली का, हा भाषेचा. यांतला एक सोडला तर उरलेल्या दोघांचे उत्तर चुकते.

देवबागला एका संशोधक विद्यार्थिनीबरोबर मी गेले होते. मागीलदारी एक बाई सुपात सुकी सुंगटे (कोळंबी) निवडत बसल्या होत्या. छापील प्रश्नावलीतले 'पर्यटनामुळे आपल्या नैसर्गिक साधनसंपत्तीवर विपरीत परिणाम झाला असे आपणांस वाटते का?' हे वाक्य त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मान न उचलता 'नाही' म्हटले आणि विद्यार्थिनीने चौकटीत खूण केली. शेजारच्या बाईंनी तोच प्रश्न आपल्या बोलीत विचारला, तेव्हा सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मे म्हयन्यात बावीचा पाणी खारा लागता. पावण्यांका काय सांगतलंव?"

देवबाग म्हणजे कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गिबेन-हर्झबर्ग नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर उंची असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी टिकते. म्हणजे पाहुण्यांच्या अंघोळींसाठी पंपाने वरची पातळी थोडीशी उतरवली, तरी खालून खारे पाणी कितीतरी वर चढू शकते. हे भौतिक विज्ञान त्या प्रश्नावलीत 'नाही' म्हणून नोंदले गेले होते. भाषेच्या अभ्यासाला हौस म्हणणाऱ्यांनी ही खूण कोणी दुरुस्त करायची ते सांगावे.

प्रयोगवही :
आपला प्रसंग हृद्य आहे, परंतु त्याला पुरावा म्हणता येत नाही. चाळीसपटीचा नियम स्थिर अवस्थेतल्या, एकसारख्या, सच्छिद्र जमिनीसाठी आहे. भरती-ओहोटी, खाडीचे पाणी, मातीचे थर आणि पाऊस यांमुळे प्रत्यक्षात गोड्या-खाऱ्याची सरळ सीमा नसते, मिश्रणाचा जाड पट्टा असतो. शिवाय खारेपणा पंपामुळे आला की खाडीतून झिरपून आला, हे त्या बाईंच्या वाक्यावरून कळत नाही. कोणी विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते, मोजली का? क्लोराइडची चाचणी झाली का? पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० असते. शंभर भाग गोड्या पाण्यात दोन भाग समुद्राचे मिसळले तरी मर्यादा ओलांडली जाते. एवढी सोपी मोजणी न करता बहुविद्याशाखीय म्हणून निबंध छापले जातात, यावर माझा राग आहे.

हा राग वाऱ्यावरचा नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक उपकरण दुरुस्तीच्या मंजुरीसाठी अडून होते, आणि त्याच काळात शेजारच्या विभागात गावाचे नाव बदलून तीच प्रश्नावली, तीच पाच पर्यायांची श्रेणी आणि तोच निष्कर्ष असलेले प्रबंध सादर होत होते. पैसे भरून छापणारी नियतकालिके अशाच लेखनावर जगली. २०१९ पासून वापरात आलेली केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली, तरी दुकाने चालूच आहेत. एका अंकात भाषेतला ध्वनिविचार, भौतिकशास्त्रातले पातळ पटल आणि समुद्रकिनारा एकत्र छापल्याने विद्याशाखा एकत्र येत नाहीत. अशा अंकात तिन्ही विषयांचा जाणकार परीक्षक नसतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

चंदगडी :
दोघांचेही वाचले. मला वेगळेच खटकते. कोल्हापुरात बोलीचा विषय निघाला की सगळे घाट उतरून मालवणला जातात. आमचा चंदगड तालुका याच जिल्ह्यात आहे, एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला दोडामार्ग, आणि आमच्या घरातली बोली कोल्हापूर शहरात गेलो की हसण्यावारी नेली जाते. वसतिगृहात असताना मी ती मुद्दाम विसरलो, हे सांगताना आजही वाईट वाटते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातला मराठीचा खंड १९०५ चा, भाषाशास्त्रज्ञ घाटगे यांचे कुडाळी बोलीवरचे काम १९६० च्या दशकातले, आणि आता डेक्कन कॉलेजने बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण उभे केले आहे. एवढा वारसा असूनही जिल्ह्याच्या ठिकाणी चंदगडीकडे बघायला कोणी तयार नाही, कारण आमच्याकडे समुद्रकिनारा नाही आणि पर्यटकही नाहीत. पर्यटनाच्या मागे बोली फरफटत नेली की हेच होणार.

ध्वनिलेख :
चंदगडी, तुमचे म्हणणे रास्त आहे, पण त्यासाठी मालवणीवरचे काम कमी करा असे म्हणू नका. 'प्रयोगवही' यांना एवढेच सांगते की भाषाशास्त्राला मोजणी परकी नाही. स्वराची कंपने हर्ट्झमध्येच मोजतात. वेंगुर्ल्याला ध्वनिमुद्रण करताना दुपारचा खारा वारा (समुद्राकडून येणारा) सुटला की ध्वनिग्राहकात घोंघावण्याखेरीज काही उरत नाही. म्हणून मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) संथ असताना, भल्या पहाटे बसावे लागते, आणि नेमके तेव्हाच घरातली पुरुष मंडळी समुद्रावर असतात. मग नमुना आपोआप स्त्रिया आणि वृद्धांकडे झुकतो. जमीन आणि पाणी वेगवेगळ्या वेगाने तापतात, या शाळेत शिकलेल्या गोष्टीने माझ्या प्रबंधातला पूर्वग्रह ठरवला.

वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी पर्यटक येतात. त्या अंड्यांतून नर निघणार की माद्या, हे वाळूच्या तापमानावर ठरते. तिथे वाटाड्याचे काम करणाऱ्या तरुणाला हे त्याच्या भाषेत सांगता आले, तरच पर्यटक घरट्यापासून लांब उभा राहतो.

आचरेकर, सध्या राजारामपुरी :
मी मच्छीमार घरातला. नोकरीसाठी कोल्हापुरात आलो. संशोधक मंडळी घरी येतात, चहा घेतात, प्रश्न विचारतात आणि जातात, पण लिहिलेले कधी आणून दाखवत नाहीत. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्या वेळी समुद्रात कुठे काय आहे हे रापणकरांना (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) किती विचारले, ते वडीलधाऱ्यांकडून ऐकत मी मोठा झालो. तुमच्या भांडणात कोणता विभाग जिंकतो याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

आमचे शास्त्र मात्र तुम्हाला दिसत नाही. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. माझे आजोबा घड्याळ न वापरता होडी काढत आणि ती कधी रुतली नाही.

प्रयोगवही :
साहेब, आदर ठेवून सांगतो, हा हिशेब तपासून पाहा. चांद्रमासाच्या तीस तिथींत भरतीची वेळ एकूण चोवीस तास सरकते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. तुमच्या सूत्रात ४५ मिनिटे येतात. पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची तफावत साचते आणि प्रतिपदेला सूत्र एकदम उडी मारते. दुसरे म्हणजे हे सूत्र मुंबईच्या आसपास जुळते. भरतीची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-आचऱ्याला भरती मुंबईच्या आधी येते. आजोबांची होडी रुतली नाही याचे श्रेय त्यांच्या डोळ्यांना द्या. सूत्राला देऊ नका.

आचरेकर, सध्या राजारामपुरी :
माझ्या आजोबांचे श्रेय कोणाला द्यायचे हे आपण ठरवू नये. ते पाऊणपट करून थांबत नसत. त्यातून काही वेळ वजा करत, आणि उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत वेगळा, भांगाच्या (अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीच्या) दिवसांत वेगळा. पुस्तकातले सूत्र आम्ही तसेच वापरतो, हे आपणच गृहीत धरले. आम्हाला अडाणी समजून गणित शिकवायला आलेले आपण पहिले नाही.

ध्वनिलेख :
ही वजाबाकी मी कुठेही छापलेली पाहिलेली नाही. आपल्या घरातले कोणी ती अजून सांगू शकते का? आणि 'प्रयोगवही', उधाणाच्या सुमारास भरती रोज कमी उशिराने सरकते आणि भांगाच्या सुमारास जास्त, हे तर तुमच्याच शास्त्रातले आहे. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पाऊण तास हा आकडा ४८ मिनिटांच्या सरासरीपेक्षा अधिक जवळचा ठरतो.

प्रयोगवही :
तेवढे खरे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. स्थानिक वजाबाकी दिनांक, तिथी आणि ठिकाणासह नोंदली असेल आणि भरतीच्या कोष्टकांशी ताडून पाहता येत असेल, तर तिला मी आधारसामग्री म्हणेन. आजोबांची आठवण म्हणून सांगितली, तर म्हणणार नाही. कोणाला अडाणी मी म्हटलेले नाही, तो शब्द माझ्या तोंडी घालू नये.

चंदगडी :
भरतीवर एवढे पाणी गेले, पण चंदगडीवर एकानेही उत्तर दिलेले नाही. हे नोंदवून ठेवतो.

रंकाळाकाठ :
चंदगडी, तुमच्या बोलीसाठी वेगळी चर्चा उघडा, मी त्यात लिहीन; इथे तिला दुय्यम स्थान मिळावे असे मला वाटत नाही.

'प्रयोगवही', पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. ते मोजमाप रोज लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचते, म्हणूनच माणसे वेळेवर घर सोडतात. देवबागच्या विहिरींसाठी तसा एकही आकडा गावात कोणाच्या तोंडी नाही. म्हणून थेट विचारते. तुमच्याकडचा वाहकतामापक द्याल का? मार्च ते मे त्याच त्या विहिरी मोजू, पंप किती वेळ चालतो आणि घरात पाहुणे किती हे बोलीत विचारू, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.

प्रयोगवही :
मापक देईन. अटी अशा : प्रत्येक वेळी पोटॅशियम क्लोराइडच्या प्रमाण द्रावणाने तो जुळवून घ्यायचा, वाचन भरतीला आणि ओहोटीला दोन्ही वेळा घ्यायचे, आणि ज्या घरात पर्यटक नाहीत अशा विहिरीही तितक्याच घ्यायच्या. त्यांच्याशिवाय तुलना होत नाही. तुमच्या अभ्यासात आजवर हेच नसायचे. विहिरीचे अचूक स्थानही प्रसिद्ध झाले पाहिजे, कारण दुसऱ्याला तपासता येत नाही ते मी मानत नाही.

आचरेकर, सध्या राजारामपुरी :
स्थान प्रसिद्ध करायला माझा ठाम विरोध आहे. अमुक घराची विहीर खारी, असे मे महिन्यात फलकावर लागले तर त्या घरातली आरक्षणे त्याच आठवड्यात रद्द होतील, आणि कर्जावर खोल्या बांधलेल्या बाईला ते परवडणार नाही. वेंगुर्ल्याला बचतगटाच्या बायकांनी कांदळवन सफारी उभी केली, ती गावाच्या विश्वासावर. तो विश्वास तुमच्या अंकात छापून येत नाही.

प्रयोगवही :
मग त्याच घरात पाहुण्यांना ते पाणी प्यायला देत राहायचे का?

आचरेकर, सध्या राजारामपुरी :
पाहुण्यांना बाहेरून आणलेले पाणी देतात. खारे पाणी घरची माणसे पितात. हे आपल्याला विचारावेसेही वाटले नाही.

रंकाळाकाठ :
विहिरींना क्रमांक द्यावेत, क्रमांकांची यादी ग्रामसभेच्या ताब्यात राहावी, आणि ज्याला तपासायचे आहे त्याने गावात जाऊन ग्रामसभेकडे ती मागावी, असे मी सुचवते. 'प्रयोगवही', एवढ्यावर मापक मिळेल का?

प्रयोगवही :
यादी मागणाऱ्याला ती नाकारली जाणार नाही, असा ग्रामसभेचा लेखी ठराव आधी दाखवा. तो आला की मापक घेऊन जा.